जड अणूचा आधार: डोरोथी हॉजकिन

नमस्कार श्रोतेहो.

स्फटिकावर क्ष-किरण सोडले की मागच्या फिल्मवर ठिपके उमटतात. कुठला ठिपका किती गडद, हे मोजता येतं. पण तिथे पोचलेली लाट त्या क्षणी शिखरावर होती की दरीत, हे फिल्म सांगत नाही. याला लाटेची कला किंवा फेज म्हणतात. ती कळल्याशिवाय रेणूत अणू कुठे बसलेत, हे काढता येत नाही. ऑक्सफर्डच्या प्राध्यापक डोरोथी हॉजकिन यांची जवळजवळ सगळी कारकीर्द या एका अडचणीशी झुंजण्यात गेली.

त्यांचा जन्म 1910 सालचा, कैरोचा. 1934 साली केंब्रिजमध्ये स्फटिकांचे अभ्यासक जे. डी. बर्नाल यांच्याकडे त्या संशोधन करत होत्या, तेव्हा पेप्सिन या प्रथिनाचे स्फटिक तिथे आले. सुकलेल्या स्फटिकातून काहीच हाती लागत नव्हतं, कारण प्रथिनाच्या स्फटिकात साधारण निम्मं पाणीच असतं. ते उडालं की आतली रांग मोडते. मग स्फटिक त्याच्याच द्रवासह काचेच्या बारीक नळीत बंद केला, आणि ठिपके स्पष्ट आले. आजही प्रथिनाचा स्फटिक कोरडा पडू देत नाहीत.

1935 साली ऑक्सफर्डमध्ये त्यांनी इन्शुलिनचे फोटो घेतले. ठिपके मिळाले, पण पुढे वाट नव्हती. मग त्यांनी आधी लहान रेणू घेतले. युक्ती अशी, की ज्या अणूत इलेक्ट्रॉन जास्त, तो क्ष-किरण जास्त विखुरतो. त्याची जागा आधी सापडते, आणि तिच्यावरून बाकीच्या लाटांच्या कलांचा अंदाज बांधता येतो. कोलेस्टेरॉलसाठी आयोडीन कामी आलं. पेनिसिलिनचे पोटॅशियम आणि रुबिडियमचे क्षार एकाच घडणीचे होते, त्यामुळे त्यांतला फरक उपयोगी पडला. सोडियमचा क्षार वेगळ्या घडणीचा निघाला, तो स्वतंत्रपणे सोडवावा लागला. 1945 साली त्यांतून चार अणूंचं बीटा-लॅक्टम कडं दिसलं. काही नामवंत रसायनशास्त्रज्ञांना अशी रचना शक्यच वाटत नव्हती.

ब-12 जीवनसत्त्वात कोबाल्ट मुळातच होता, पण त्याच्या 27 इलेक्ट्रॉनांच्या जोरावर, हायड्रोजन सोडून, 90हून जास्त अणू शोधायचे होते. ठिपके आणि अंदाजाच्या कला यांवरून रेणूत इलेक्ट्रॉन कुठे दाट आहेत याचा नकाशा काढतात; त्यातला उंचवटा म्हणजे अणूची जागा. पण पहिल्या नकाशात खऱ्या अणूंबरोबर खोटे उंचवटेही दिसत. इथे मोठा धोका असतो: चुकीच्या जागी मांडलेला अणू पुढच्या नकाशातही तिथेच दिसतो, कारण कला त्याच्यावरूनच घेतलेल्या असतात. म्हणून हॉजकिन खात्रीचे तेवढेच अणू घेत, नकाशा पुन्हा काढत, मग आणखी थोडे वाढवत. हा संयम मला त्यांच्या कामातला सर्वांत मोठा गुण वाटतो. आकडेमोडीला लॉस एंजेलिसचे रसायनशास्त्रज्ञ केनेथ ट्रूब्लड यांच्या संगणकाची मदत झाली. 1964 साली त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

इन्शुलिन अजून बाकी होतं. त्यात 51 अमिनो आम्लं. स्फटिकात सहा रेणूंचा एक गट, आणि त्या गटात जस्ताचे अणू फक्त दोन. दोन हजारांवर अणूंच्या गर्दीत ते दोन पुरे पडत नाहीत. म्हणून शिशासारखा, 82 इलेक्ट्रॉनांचा अणू आत घालायचा. स्फटिक त्याच्या क्षाराच्या पातळ द्रावणात भिजवतात. द्रावण तीव्र झालं तर स्फटिकाला तडे जातात, सौम्य राहिलं तर धातू बसतच नाही. कधी तो एकाच वेळी अनेक जागी बसतो. शिवाय धातू शिरल्याने स्फटिक किंचित फुगू शकतो. त्याची मापं सगळीकडून अर्धा टक्का बदलली, तरी बारीक तपशील देणाऱ्या ठिपक्यांची तीव्रता सरासरी 15 टक्क्यांनी बदलते. मग धातूमुळे झालेला फरक कोणता आणि फुगण्यामुळे झालेला कोणता, हे वेगळं करता येत नाही. धातू नीट बसलेले असे निदान दोन चांगले नमुने लागतात, कारण एकावरून कलेची दोन उत्तरं संभवतात.

वयाच्या 24व्या वर्षापासून संधिवाताने त्यांचे हात वाकडे होत गेले होते. तरी 1969 साली इन्शुलिनची रचना हाती आली. त्या गटात भारतातून गेलेले एम. विजयन होते, पुढे बेंगळुरूत प्रथिनांच्या स्फटिकशास्त्राचं काम त्यांनी उभं केलं. चीनमधल्या एका गटानेही इन्शुलिनची रचना स्वतंत्रपणे काढली होती. हॉजकिन बीजिंगला गेल्या, दोन्ही नकाशे शेजारी ठेवून पाहिले. ते जुळले.