लाल मणी

(पडद्यावर: एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी. एक बोट मणी सरकवतं आहे.)

हे खेळणं नाही. या मण्यांवर गडचिरोलीतल्या सुईणींनी न्यूमोनिया ओळखला.

डॉ. अभय आणि राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. दोन वर्षांत त्यांनी लहान मुलांच्या न्यूमोनियाचं काम हाती घेतलं. औषध स्वस्त होतं, तोंडानं देता येत होतं. अडत होतं ते निदानापाशी. तान्हं बाळ मिनिटाला साठ किंवा जास्त श्वास घेऊ लागलं की न्यूमोनियाची शंका घ्यायची. दोन महिन्यांपुढच्या मुलासाठी हाच आकडा पन्नास. डॉक्टर कोसभर लांब. घरात सगळ्यात आधी पोचायची ती सुईण, आणि तिला पन्नास-साठपर्यंत मोजता येत नव्हतं.

अशा वेळी सुईणीला वगळणं सोपं असतं. शिकलेली बाई शोधा, नाहीतर प्रौढ साक्षरतेचा वर्ग काढा. ‘सर्च’नं सुईणीला ठेवलं आणि मोजण्याची रीत बदलली. दहा तर तिला मोजता येत होते. दहा श्वास झाले की एक मणी पलीकडे. वरची ओळ तान्ह्यांची, दुसरी मोठ्या मुलांची. वाळू संपायच्या आत शेवटचा लाल मणी सरकला, तर औषध सुरू करायचं. बस्स. हे साधन १९९२ मध्ये बालरोगांच्या एका भारतीय संशोधनपत्रिकेत छापून आलं.

(पडद्यावर: शोधग्राम, ‘सर्च’चा परिसर. झाडीत विखुरलेल्या झोपड्या.)

हा दवाखाना आहे. दवाखान्यासारखा दिसत नाही, कारण तसा नको असं लोकांनीच सांगितलं होतं. आदिवासींना विचारलं, की तुम्ही सरकारी इस्पितळात का जात नाही? उत्तरं वैद्यकीय नव्हती. मोठ्या इमारतीत जीव घाबरतो. पांढऱ्या कपड्यांतली माणसं बघून धडकी भरते, कारण पांढरं कापड आपल्याकडे मढ्यावर घालतात. सोबत आलेल्या नातेवाइकांना टेकायला जागा नसते. मग गावासारखा दवाखाना उभा राहिला. त्याला नाव मिळालं माँ दंतेश्वरीचं. रुग्ण झोपडीत राहतो आणि नातेवाईक त्याच्याजवळच.

ही विचारण्याची सवय अंगी बाणायला वेळ लागला होता. सुरुवातीला बंग दांपत्यानं इथल्या आदिवासींमधला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार शोधून काढला. शोध मोठा होता. पण त्या वेळी सिकलसेल बरा होत नव्हता, आणि गावानं तो प्रश्न विचारलेलाच नव्हता. पुढे आदिवासींची आरोग्य संसद भरू लागली. लोक एकत्र बसतात आणि आपल्याला कशानं सतावलंय ते सांगतात. हिवतापाचं काम असंच पुढे आलं.

(पडद्यावर: झोळीच्या वजनकाट्यात बाळ.)

नव्वदच्या दशकात प्रश्न आला नवजात बाळांचा. १९९५-९६ मध्ये ३९ गावांतल्या ७६३ बाळांची घरोघरी नोंद झाली. निम्म्याहून जास्त बाळांना उपचारांची गरज होती. डॉक्टरांनी पाहिलेली बाळं होती २.६ टक्के.

म्हणून उपचारांचं काम दर गावातल्या आरोग्यदूतावर सोपवलं गेलं. ती गावातलीच बाई, शाळा पाचवी ते दहावीच्या दरम्यान सुटलेली. बाळ गुंडाळून ऊब कशी राखायची, स्तनपानाची अडचण कशी सोडवायची, जन्मताच न रडलेल्या बाळाचा श्वास कसा सुरू करायचा, हे ती शिकली. जंतुसंसर्ग दिसला तर जेंटामायसिन या प्रतिजैविकाचं इंजेक्शनही तिनंच द्यायचं होतं. भुवया इथेच उंचावल्या. आमच्या मते या सगळ्या प्रयोगातली धीट गोष्ट हीच, उपकरणं नव्हेत. पाचवी शिकलेल्या बाईच्या हातात सुई देणं म्हणजे तिच्या निर्णयावर संस्थेनं आपली अब्रू लावणं.

१९९९ च्या डिसेंबरात ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय संशोधनपत्रिकेत निकाल आला. या ३९ गावांत हजार जन्मांमागे ६२ नवजात मृत्यू होत होते, ते २५.५ वर आले.

(पडद्यावर: आशा कार्यकर्ती, हातात तपासणीचा कागद.)

२०११ मध्ये भारत सरकारनं घरोघरी नवजात बालसेवा आशांवर, म्हणजे गावोगावच्या आरोग्य कार्यकर्तींवर सोपवली. दवाखान्यात बाळंतपण झालं तर सहा भेटी, घरी झालं तर सात. बेचाळीस दिवस बाळावर लक्ष आणि सगळ्या भेटी पुऱ्या केल्या की अडीचशे रुपये. पद्धत देशभर गेली, हे थोडंथोडकं नव्हे. इंजेक्शन मात्र आशेकडे आलं नाही, ते एएनएमकडे, म्हणजे सरकारी सहायक परिचारिकेकडे गेलं. त्यामागे सावधगिरीची कारणं असतीलही. पण गडचिरोलीत जिच्या अंदाजावर भिस्त होती, ती सरकारी योजनेत बाळ तपासून वरच्या दवाखान्यात पाठवणारी झाली.

आशा आजही पगारी कर्मचारी नाही. सरकार तिला स्वयंसेविका म्हणतं, ती मोबदल्यावर राबते. २०२३ च्या ऑक्टोबरात महाराष्ट्रातल्या आशा संपावर गेल्या. मागण्यांत मोबदल्याची वाढ होतीच, आणि ऑनलाइन कामांची सक्ती करू नका, हेही होतं.