नखुरडं नव्हे

(दृश्य: पहाटेची मंडई. भाजीच्या पाट्या उतरवणारे हात.)

पुण्यात कुणाचं बोट सुजून ठणकायला लागलं की घरातलं कुणीतरी म्हणतंच, "नखुरडं झालंय, लिंबात बोट घाल." बहुतेकदा ते नखुरडंच असतं. पण धरा, मंडईत जन्मभर पाट्या वाहिलेले एक आजोबा आहेत. लिंबू झालं, गोळ्यांचा कोर्स झाला, डॉक्टरांनी चीर देऊन पाहिली. पू निघाला नाही. रात्र रात्र डोळ्याला डोळा लागेना. शेवटी साधा एक्स-रे काढला, तर शेवटच्या पेरातलं हाड कुरतडल्यासारखं विरलेलं.

फुप्फुसाचा कॅन्सर असाही बोटात उतरतो. क्वचितच, पण हाताच्या हाडांत दुसरीकडून आलेला कॅन्सर सापडला, तर त्याचं मूळ सर्वाधिक वेळा फुप्फुसातच निघतं.

एरवी तो जातो मेंदूत, हाडांत, यकृतात, मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींत. पण फुप्फुसातलं रक्त हृदयाच्या डाव्या बाजूला येतं आणि तिथून अंगभर जातं. त्याच्याबरोबर कॅन्सरच्या पेशीही कुठेही पोचू शकतात. डोक्याच्या कातडीवर कडक, न दुखणारी गाठ येते. दाताचं दुखणं समजून हिरडीवरची वाढ काढली जाते. डोळ्याच्या पडद्यामागे गाठ बसते आणि चष्म्याचा नंबर बदलूनही दिसत नाही. कधी आतड्याला भोक पडून माणूस थेट ऑपरेशन टेबलावरच येतो.

(दृश्य: सूक्ष्मदर्शकाखालची काच.)

म्हणून एक गोष्ट पोटतिडकीने सांगते: चीर दिली, गाठ काढली, तर तो तुकडा फॉर्मॅलिनच्या (तुकडा टिकवणाऱ्या द्रावणाच्या) बाटलीत घालून तपासायला पाठवाच. कचऱ्यात गेला की निदानाचे महिने त्याच्याबरोबर जातात.

आजोबांचा तुकडा पाठवला. काचेवर ग्रंथींसारख्या रचना दिसल्या. हाडात ग्रंथी असायचं कारणच नाही. मग टीटीएफ-१ची तपासणी. हे प्रथिन मुख्यतः फुप्फुस आणि थायरॉइडच्या पेशींत असतं. पेशींची केंद्रकं तपकिरी रंगली, म्हणजे ते प्रथिन तिथे होतं, आणि पॅथॉलॉजिस्टबाईंनी फोन लावला, "यांच्या छातीचा फोटो काढलाय का?"

काढला नव्हता. खोकला होता, पण "तंबाखूचा जुनाच आहे" म्हणून कुणी विचारलंच नव्हतं. पेट-सीटीत, म्हणजे कॅन्सर अंगात कुठे आहे ते दाखवणाऱ्या स्कॅनमध्ये, फुप्फुसातली मूळ गाठ दिसली. त्याच तुकड्यावर ईजीएफआर आणि एएलके जनुकांची तपासणी लागली, कारण त्यांत बदल सापडला तर नेमक्या त्याच बदलावर चालणाऱ्या गोळ्या देता येतात. रिपोर्ट यायला वेळ होता. तोवर बोटाला रेडिएशन दिलं, ठणका उतरला, आणि आजोबा कित्येक आठवड्यांनी रात्रभर झोपले.