एक इअरबड हळू वाजतोय? नवी जोडी घेण्याआधी जाळी खाली करा

[कॅमेऱ्यासमोर, हातात उघडी डबी]

नमस्कार मंडळी. हे बघा, हे दोन बड एकाच डबीतले, एकाच दिवशी वापरायला काढलेले. डावा खणखणीत वाजतो, आणि उजव्यातून आवाज येतो तो भिंतीपलीकडून आल्यासारखा. वायरलेस इअरबडची हीच तक्रार मला सारखी विचारली जाते. बॅटरी गेली असेल, ब्लूटूथ बिघडलं असेल असं समजून लोक नवी जोडी घेऊन मोकळे होतात. खरं तर बऱ्याचदा आत काहीच बिघडलेलं नसतं. आवाजाच्या वाटेत कानातला मळ आडवा बसलेला असतो, एवढंच.

साफसफाईला हात घालायच्या आधी दोन मिनिटं द्या. फोनच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये डाव्या-उजव्या आवाजाची एक पट्टी असते. ती चुकून एका बाजूला सरकलेली नाही ना, ते बघा. मग ही चाचणी करा. जो बड हळू वाजतो, तो दुसऱ्या कानाशी नुसता धरा. आकार उलटा असल्यामुळे तो नीट बसणार नाही, पण ऐकू येईल. तिथेही हळूच वाजला, तर दोष बडमध्ये आहे. पण कुठलाही बड धरला तरी त्याच एका कानाला कमी ऐकू येत असेल, तर बड घासून काही होणार नाही, मळ कानात असू शकतो. मग काड्या घालून कोरत बसू नका, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. हे मी अगदी कळकळीने सांगतोय, कारण काडीने मळ आणखी आत दाबला जातो.

[जवळून: बडची जाळी]

आता हे नीट बघा. मधली भोकं स्वच्छ काळी दिसायला हवीत. इथे त्यांच्यावर पिवळट, चकचकीत पापुद्रा आहे, आणि कडेला मेणबत्ती ओघळून गोठावी तसा थर. कानाच्या नळीच्या बाहेरच्या भागात ग्रंथी असतात. त्यांचा तेलकट स्राव, झडलेली त्वचा आणि धूळ मिळून हा मळ होतो. त्याची घाण वाटायचं कारण नाही, तो नळीचं रक्षण करतो. बोलताना, चावताना जबडा हलतो तसा तो आपला आपण बाहेर सरकत असतो. आपण नेमक्या त्याच वाटेवर तासन्‌तास बूच लावून बसतो. कानाच्या उबेने मळ मऊ होतो, जाळीत शिरतो, आणि बड बाहेर काढल्यावर तिथेच घट्ट होतो.

या व्हिडिओतली एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली तर ही ठेवा: साफ करताना जाळीचं तोंड जमिनीकडे. सुटलेला कण खाली पडला पाहिजे, आत जाता कामा नये. जाळीच्या मागे स्पीकरचा पातळ पडदा असतो. माझ्या आधीच्या जोडीची जाळी मी सुईने कोरली होती. पहिल्या दोन भोकांतला मळ छान निघाला, म्हणून जोर केला आणि जाळी एका कडेने उचकटली. त्या बडमधून पुढे कायम खरखर यायची. म्हणून सुई, टाचणी, सेफ्टी पिन यांतलं काहीच जाळीला लावू नका. फुंकर मारू नका, हवेचा दाबाचा डबाही नको. फुंकरीबरोबर थुंकीचे बारीक थेंब जातात आणि हवेचा झोत मळाला आतच ढकलतो.

[टेबलावर: मऊ टूथब्रश, कापड, कापसाची काडी]

आधी सिलिकॉनच्या टिपा, म्हणजे कानात बसणाऱ्या मऊ टोप्या काढा. बोटाने कड पकडून सरळ ओढा, पिळून नको. त्या साध्या पाण्याखाली धुवा. आतल्या नळीतला मळ बोटाने चोळून निघतो. साबण लावू नका, ॲपलही आपल्या टिपांसाठी हेच सांगते. पुसून पूर्ण वाळू द्या. बडवर ओली टिप चढवली तर आतलं पाणी थेट जाळीवर बसतं. फोमच्या टिपा असतील तर त्या भिजवायच्याच नाहीत. नुसत्या पुसायच्या आणि फुगेनाशा झाल्या की बदलायच्या.

आता ब्रश. लहान मुलांचा, मऊ केसांचा, नवाकोरा आणि कोरडा. बड असा डोळ्यांच्या वर धरा, जाळी खाली, आणि ब्रश खालून अगदी हलका फिरवा. केसांची फक्त टोकं लागली पाहिजेत. दहा-बारा वेळा फिरवा, मग कापडावर हलकेच टेकवा, पुन्हा फिरवा. बघा, कापडावर हे पिवळे कण दिसायला लागले. घाई केली की हात आपोआप दाबायला लागतो, म्हणून हे काम निवांत बसून करा. कापसाची काडी मी जाळीच्या भोवतीच्या खाचेपुरतीच वापरतो. तिचे तंतू जाळीत अडकले तर तो एक वेगळाच उपद्व्याप होतो.

थर फारच घट्ट असेल तर? ॲपलने एअरपॉड्सच्या तिसऱ्या आणि चौथ्या पिढीच्या जाळीसाठी एक ओली पद्धत दिली आहे. मेकअप काढायला वापरतात त्या मायसेलर वॉटरमध्ये ब्रश बुडवायचा, सुमारे १५ सेकंद गोल फिरवायचा, बड उलटा करून टिपकागदासारख्या कागदावर टिपायचा. असं एकूण तीनदा. मग मायसेलर वॉटरचा अंश निघून जावा म्हणून हेच डिस्टिल्ड वॉटरने करायचं, आणि निदान दोन तास वाळू द्यायचं. मात्र ही पद्धत त्या मॉडेलांसाठी आहे. तुमच्याकडे दुसरा बड असेल तर त्याच्या माहितीपुस्तिकेत जाळीबद्दल काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय तिला थेंबभरही ओलं लावू नका.

“पण माझे बड वॉटरप्रूफ आहेत!” हे वाक्य मी रोज ऐकतो. खोक्यावर आयपीएक्स४ लिहिलेलं असतं. बड पाणी किती सोसतो याची चाचणी करून दिलेली ही श्रेणी. आयपीएक्स४ चा अर्थ कुठल्याही बाजूने उडालेलं पाणी बड सोसतो, बुडवून चालत नाही. आयपीएक्स७ म्हणजे एक मीटरपर्यंत पाण्यात ३० मिनिटं. दोन्ही चाचण्या साध्या पाण्याने होतात, साबणाच्या नाही. शिवाय ही ताकद वापराने कमी होत जाते. आणि डबीला बडइतकं संरक्षण असेलच असं नाही, ते वेगळं तपासा.

बाहेरच्या कवचाला ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडाला लावून पुसलं तरी चालतं. द्राव कापडावर घ्या, बडवर ओतू नका, आणि जाळी सोडून. सॅनिटायझरचा जेल मात्र नको. त्यातलं ग्लिसरीन मागे चिकटा ठेवतं. पुसताना बारीक काळी काचेची खिडकी दिसली तर तीही पुसा. तो कानात बड आहे की नाही हे ओळखणारा सेन्सर असतो. बड काढल्यावर गाणं थांबेनासं झालं तर आधी ही खिडकी बघा. बाहेरच्या बाजूची बारीक भोकं माइकची असतात. ती बुजली की नॉइज कॅन्सलेशन, म्हणजे बाहेरचा गोंगाट कमी करणारी सोय, बिघडतं आणि समोरच्याला तुमचा आवाज दबका येतो. त्यांनाही तोच नियम: कोरडा ब्रश, भोक खाली.

[जवळून: डबीच्या खाचेतले पिन]

आता डबी, जिच्याकडे कुणी बघतच नाही. खाचेच्या तळाशी हे सोनेरी ठिपके दिसतात का? हे चार्जिंगचे पिन. अनेकांत ते स्प्रिंगवर असतात, दाबले की आत जातात. बडवर त्यांना जुळणारे पत्रे असतात. यातल्या एकावर घाणीचा थर बसला की तो बड चार्ज होत नाही. काही मॉडेलांत तर डबीत ठेवूनही तो फोनशी जोडलेलाच राहतो, कारण आपण डबीत आलोय हे त्याला कळतच नाही. मग तुम्ही फोन कानाला लावता आणि आवाज येत नाही, तो बंद डबीत वाजत असतो.

व्यायाम करून घामेजलेला बड तसाच डबीत टाकणं सगळ्यात वाईट. घामात मीठ असतं. ओलं मीठ आणि त्यात चार्जिंगचा विद्युतदाब असला की पिनावरचा मुलामा झिजू लागतो, हिरवट-काळे डाग पडतात. कोरड्या कापडाने दहा सेकंद पुसायचा कंटाळा करू नका. डाग पडलेच असतील तर चार्जरची वायर काढा, काडीचं टोक अल्कोहोलने जेमतेम ओलसर करा आणि पिन हलकेच घासा. पूर्ण सुकेपर्यंत झाकण उघडं ठेवा.

खाचेत चुंबक असतात, तेही लक्षात असू द्या. बॅगेतल्या किल्ल्यांचा, पिनांचा लोखंडी चुरा ते ओढून घेतात. तो चिकटपट्टीने टिपून काढा. वायर लावायच्या भोकात खिशातली लव दाबून दाबून घट्ट होते, मग वायर पूर्ण आत जात नाही. ती लाकडी टूथपिकने कडेकडेने उकरा. धातूचं काही घालू नका, शॉर्ट होऊ शकतं.

बॅटरीबद्दल थोडक्यात. उष्णता तिची शत्रू. तापलेल्या गाडीत डबी ठेवू नका, आणि महिनोन्‌महिने वापरणार नसाल तर साधारण निम्मी चार्ज करून ठेवा. रिकामी ठेवली तर ती पुन्हा जागी होईलच असं नाही.

[पुन्हा कॅमेऱ्यासमोर]

सगळं वाळलं की टिप चढवा, ती बसली की खट्‌ असं जाणवतं. मग तेच गाणं, तोच आवाज, आणि दोन्ही बड आळीपाळीने. माझा उजवा... हो, आला, डाव्याच्या बरोबरीला. तुमचा अजूनही दबका असेल तर मळ जाळीच्या पलीकडे गेलेला असू शकतो. कवच उघडू नका, ते डिंकासारख्या गोंदाने बंद केलेलं असतं आणि एकदा उघडलं की पाण्यापासूनचं संरक्षण गेलं. सर्व्हिस सेंटरला जा आणि एकच बड बदलून मिळतो का ते विचारा. काही कंपन्या देतात, आणि तेव्हा अख्खी जोडी घ्यावी लागत नाही.