फॉस्टर बोक्याला डायबिटीस आहे? आधी सिरिंजच्या टोपणाचा रंग बघा

नमस्कार मंडळी.

हा माझ्या मांडीवर पसरलाय तो बंड्या. वय साधारण 9, वजन 5 किलो 200 ग्रॅम आणि दिवसातून दोनदा इन्सुलिन. हा माझा नाही, माझ्याकडे फॉस्टरला आहे. कायमचं घर मिळेपर्यंतचा पाहुणा. आणि गेले पाच महिने प्रत्येक जण मला एकच विचारतोय, "अगं, डायबिटीसवालं मांजर घेतलंसच कशाला?"

मला हा प्रश्न लागतो. कारण "डायबिटीस" शब्द ऐकला की लोक मांजराकडे न बघताच नाही म्हणतात. म्हणून आज सगळं नीट सांगणार आहे, माझी झालेली चूकसुद्धा.

बंड्या गिरगावातल्या एका आजींचा. आजी गेल्या, खोलीला कुलूप लागलं आणि हा चाळीच्या जिन्यात राहिला. तिथल्या मांजरांना खाऊ घालणाऱ्या ताईंचा मला फोन आला, "खातो भरपूर, पण वाळत चाललाय." हे वाक्य लक्षात ठेवा. भरपूर खाऊन वाळणारं मांजर दिसलं की डॉक्टर गाठायचा, वाट बघायची नाही.

घरी आणला तर हा पाण्याच्या वाटीपाशीच बसून. वाटी संपली की बाथरूममधल्या बादलीत तोंड. लिटर ट्रेमध्ये शूचे गोळे एवढाले, लिंबाएवढे नाही, मोसंबीएवढे. मागचे पाय पंज्यांवर न टाकता टाचेपर्यंत टेकवून चालायचा, ससा बसतो तसा. साखर खूप दिवस वाढलेली राहिली की मांजरांच्या मागच्या पायांच्या नसांवर परिणाम होतो, त्याची ही चाल. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी बघते तर ट्रेला मुंग्यांची रांग. मेह म्हणजे लघवी, मधुमेह म्हणजे मधासारखी लघवी. नावातच रोग सांगून ठेवलाय आपल्याकडे.

होतं काय, की रक्तातली साखर साधारण 250-280च्या वर गेली की मूत्रपिंडाला ती धरून ठेवता येत नाही. साखर लघवीतून बाहेर पडते आणि जाताना पाणी ओढून नेते. म्हणून शू जास्त, म्हणून तहान जास्त. पेशींना मात्र साखर मिळतच नाही, म्हणून पोटात आग आणि अंगावर मांस नाही.

क्लिनिकमध्ये बंड्याची शुगर आली 412. पण आमच्या डॉक्टर मॅडमनी त्या एका आकड्यावर निदान केलं नाही, आणि हे मला फार पटलं. मांजर घाबरलं की त्याची शुगर नुसत्या भीतीने 300च्या पुढे जाऊ शकते. पिशवीतून आणलेलं, शेजारी कुत्रं भुंकतंय, अंगाला परका हात, मग काय होणार? म्हणून फ्रुक्टोसामाइन नावाची रक्ततपासणी करतात. माणसांमध्ये एचबीएवनसी तीन महिन्यांचा हिशोब देते, तशी ही मागच्या दोनेक आठवड्यांचा देते. तुमच्या मांजराचं निदान एकाच रीडिंगवर झालं असेल तर ही तपासणी करू या का, असं डॉक्टरांना जरूर विचारा.

मांजरांचा डायबिटीस बहुतेक वेळा आपल्या टाइप 2 सारखा असतो. लठ्ठ, वय झालेला, नसबंदी झालेला, घरात बसून असणारा बोका, म्हणजे वाळण्याआधीचा आपला बंड्या. स्टेरॉइडनेही शुगर चढते. रेस्क्यूच्या मांजरांना हिरड्या सुजल्या, खाज सुटली म्हणून स्टेरॉइडची इंजेक्शनं दिलेली असतात, आणि फॉस्टरला आलेल्या मांजराचे कागद कोणाकडेच नसतात. म्हणून आधी सांभाळणाऱ्यांना खोदून खोदून विचारा. दातही तपासून घ्या, तोंडात इन्फेक्शन असलं की इन्सुलिन नीट लागू पडत नाही.

आता गोळ्यांबद्दल. "इंजेक्शन नको, गोळी नाही का?" हे मला रोज विचारतात. अमेरिकेत एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांना मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थेने, मांजरांसाठी तोंडाने द्यायची दोन औषधं मंजूर केली आहेत, डिसेंबर 2022 मध्ये बेक्साकॅट आणि ऑगस्ट 2023 मध्ये सेनव्हेल्गो. पण ती ज्यांना आधी इन्सुलिन दिलेलंच नाही आणि ज्यांची बाकी तब्येत चांगली आहे अशाच मांजरांसाठी. कीटोॲसिडोसिसचा धोका असतो, म्हणजे शरीर चरबी जाळत सुटतं आणि रक्त आम्लधर्मी होतं. ते जिवावर बेततं. बंड्याचं इन्सुलिन सुरू झालेलं आहे, त्यामुळे हा विषय आमच्यापुरता मिटला.

बंड्याला ग्लार्जिन नावाचं इन्सुलिन आहे, माणसांना देतात तेच. डोस 1 युनिट, दर 12 तासांनी. तुमच्या मांजराचा डोस तुमचे डॉक्टर ठरवतील, माझा बघून देऊ नका.

(दोन सिरिंज कॅमेऱ्याजवळ धरते)

आता इथे थांबा. हे बघा. एकीचं टोपण केशरी, एकीचं लाल. आजच्या व्हिडिओतलं एवढं एकच लक्षात राहिलं तरी चालेल.

आमच्या शेजारच्या काकू पंधरा वर्षं इन्सुलिन घेतात. चामडी चिमटीत कशी धरायची, सुई तिरकी कशी घालायची, मला त्यांनीच शिकवलं. एकदा संध्याकाळी सात वाजता माझ्या सिरिंज संपल्या. काकूंनी प्रेमाने त्यांच्यातली एक काढून दिली. मी 1च्या रेघेपर्यंत औषध भरलं, बंड्याला जवळ घेतलं आणि लक्षात आलं, आज औषध नेहमीपेक्षा जास्त दिसतंय. टोपण बघितलं तर लाल.

आपल्याकडे माणसांची बरीच इन्सुलिन अजूनही 40 युनिटवाल्या बाटलीत मिळतात, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये 40 युनिट. त्यांची सिरिंज लाल टोपणाची, यू-40. बंड्याचं ग्लार्जिन मात्र एका मिलिलिटरला 100 युनिट. त्याला केशरी टोपणाची, यू-100. लाल सिरिंजवरची 1ची रेघ म्हणजे 0.025 मिलिलिटर. तेवढं ग्लार्जिन भरलं की ते होतं अडीच युनिट! अडीचपट डोस, पाच किलोच्या जिवाला. काकूंची काही चूक नाही, त्यांच्या बाटलीला त्यांची सिरिंज बरोबरच होती. मी ते औषध फेकलं आणि खाली केमिस्टकडे धावले. डोस अर्धा तास उशिरा गेला, त्याने काही बिघडलं नाही. आणि उलटही लक्षात ठेवा, प्राण्यांसाठीची काही इन्सुलिन 40 युनिटची असतात, त्यांना लालच लागते. बाटलीवरचा आकडा आणि टोपणाचा रंग, दोन्ही रोज बघायचे. आता माझ्या फ्रिजवर केशरी टोपणच चिकटवून ठेवलंय.

केशरी सिरिंज घ्यायची असेल तर 0.3 मिलिलिटरची, अर्ध्या युनिटच्या रेघा असलेली सिरिंज घ्या. मांजराच्या डॉक्टरांना डोस अर्ध्या अर्ध्या युनिटने बदलावा लागतो.

टोचण्याचं म्हणाल तर मांजराला ते जेमतेम कळतं. बंड्या खाण्यात तोंड घालून असतो तेव्हा मी कुशीची चामडी तंबूसारखी उचलते, आत सुई, झालं. मानेवर टोचायची सवय असते आपल्याला, पण तिथून औषध हवं तसं शोषलं जात नाही, म्हणून कुशीत, रोज थोडी जागा बदलून. कान टोचून शुगर बघणं मात्र शिकायला मला आठवडा लागला. कान कोमट रुमालाने शेकायचा, कडेची बारीक शीर दिसते, तिच्या अगदी बाजूला टोचायचं. माणसांचं ग्लुकोमीटर मांजराच्या रक्ताचा आकडा थोडा कमी दाखवतं. म्हणून मशीन मध्येच बदलू नका आणि कुठलं वापरता ते डॉक्टरांना सांगून ठेवा.

आता माझी चूक.

मांजर हा अस्सल मांसाहारी जीव, त्याला पिठूळ खाणं झेपत नाही. कोरड्या दाण्यांमध्ये स्टार्च बराच असतो. आजी तर प्रेमाने दूध-पोळी आणि बिस्किटं घालायच्या. त्यामुळे भरपूर प्रोटीन आणि कमी कार्बवालं वेट फूड देणं योग्यच. पण मी ते एका दिवसात बदललं आणि डॉक्टरांना सांगितलं नाही. खाण्यातली साखर कमी झाली, इन्सुलिन तेवढंच राहिलं. पाचव्या दिवशी दुपारी बंड्या दारू प्यायल्यासारखा झोकांड्या देत स्वयंपाकघरात आला आणि ओट्याखाली बसकण मारली. डोळे मोठे, मान थरथरतेय. मशीनवर शुगर 41, म्हणजे धोक्याइतकी खाली.

ग्लुकोज पावडर थेंबभर पाण्यात कालवून मी त्याच्या हिरड्यांवर चोळली. मध असता तर मधही चालला असता. झटका येत असेल तर तोंडात काही ओतू नका, श्वासनलिकेत जातं आणि तुमचं बोटही चावलं जातं. दहा मिनिटांनी त्याने मान उचलली, थोडं खाल्लं, तसाच रिक्षाने क्लिनिकला नेला. वाचला. मी त्या रात्री झोपले नाही. खाणं बदलायचं तर डॉक्टरांशी बोलून, हळूहळू, रोज शुगर मोजत. आणि नुसतं उकडलेलं चिकन म्हणजे पूर्ण आहार नव्हे, टॉरिन (मांजराला खाण्यातून मिळावंच लागतं असं पोषकद्रव्य) आणि कॅल्शियम कमी पडतं.

मांजराने जेवायला नकार दिला, तर नेहमीचा डोस टोचून मोकळं व्हायचं नाही, आधी फोन. सुई आत गेली की बाहेरच औषध सांडलं, कळत नसेल तर दुसऱ्यांदा देऊ नका. एक डोस चुकला तर सावरता येतं, दुप्पट गेला तर जीव जाऊ शकतो. उलट्या, मलूलपणा, तोंडाला नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास असेल तर रात्रीचे दोन वाजलेले असोत, निघा.

या आजाराला काय लागतं? घड्याळ. सकाळी 7, संध्याकाळी 7. गणपतीला मी गावी गेले तेव्हा पाच दिवस काकूंनी दोन्ही वेळचं सांभाळलं, केशरी टोपणाने. लवकर उपचार आणि योग्य खाणं मिळालं तर काही मांजरांचं इन्सुलिन पूर्ण सुटतं, मात्र शुगर परत वाढू शकते म्हणून मोजत राहावं लागतं. बंड्याचं सुटलेलं नाही. पण पंज्यांवर चालतोय आता, आणि काल खिडकीच्या कट्ट्यावर उडी मारून चढला.

ही त्याची वही. तारीख, वेळ, शुगर, डोस, किती खाल्लं, ट्रे कसा होता. फॉस्टरच्या मांजराला हीच कुंडली. ठाण्याचं एक जोडपं त्याला घेतंय. दोघं तीन रविवार माझ्याकडे आले. आधी मोसंबीत पाणी टोचून शिकले, मग बंड्याला. त्या जोडप्यातल्या ताईंचा हात पहिल्यांदा इतका थरथरत होता की सुई केसांमधूनच आरपार गेली. मागच्या रविवारी त्यांनी मला बाजूला बसवलं आणि एकट्यांनी दिलं.

शनिवारी निघतोय हा. सकाळी 7चं इंजेक्शन इथे, संध्याकाळी 7चं ठाण्यात.