डब्यावरची चिठ्ठी : डेन्सोची गोष्ट

[दृश्य : सकाळ. कारिया स्टेशन. कामावर निघालेल्या माणसांची रीघ.]

जपानच्या आइची प्रांतातलं हे कारिया. वस्ती दीड लाखाच्या आसपास. टोयोटा इंडस्ट्रीज, आयसिन, जेटेक्ट, टोयोटा ऑटो बॉडी, या सगळ्यांची मुख्यालयं या एका गावात आहेत. यातल्या बहुतेकांचं नाव गाडीच्या बाहेरच्या अंगावर दिसत नाही. ते दिसतं बॉनेट उघडल्यावर. स्टार्टर, अल्टरनेटर, रेडिएटर, एसीचा कॉम्प्रेसर, इंजिनाचा कंट्रोल युनिट. आणि त्यावर बारीक अक्षरांत एक नाव : डेन्सो.

आज दीड लाखाहून जास्त माणसं या कंपनीत कामाला आहेत. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्यांमध्ये जर्मनीच्या बॉशनंतर हिचंच नाव घेतात.

[दृश्य : यंत्रमाग. आडवं सूत नेणारा धोटा इकडून तिकडे धावतोय. क्लोजअप : सूत तुटतं, माग थांबतो.]

पण सुरुवात मागापासून करावी लागते. संशोधक साकिची तोयोदांचा हा १९२४ सालचा स्वयंचलित माग. धोट्यातलं सूत संपत आलं की माग चालू असतानाच दुसरा धोटा चढतो. आणि ताण्याचा, म्हणजे उभा, एक धागा जरी तुटला तरी माग आपला आपण थांबतो. पुन्हा बघा. कुणी बटण दाबलेलं नाही. वाईट माल पुढे जाऊ द्यायचा नाही, ही शिस्त यंत्रातच बसवलेली. आपल्याकडे इचलकरंजीत किंवा मालेगावात ज्याने रात्रपाळीला माग सांभाळलेत, त्याला याची किंमत वेगळी सांगायला नको.

हे माग बनवायचा कारखाना १९२६ मध्ये याच कारियात उभा राहिला. त्याच कारखान्याच्या पोटात मोटारींचा विभाग सुरू झाला आणि १९३७ मध्ये तो टोयोटा मोटर कंपनी म्हणून वेगळा झाला. मोटारीला डायनॅमो लागतो, स्टार्टर लागतो, इग्निशन कॉइल लागते. टोयोटाने ठरवलं, हे सगळं आपणच करायचं. त्यासाठी विजेच्या सामानाचा स्वतंत्र विभाग निघाला.

[दृश्य : युद्धोत्तर जपानची कृष्णधवल छायाचित्रं.]

मग युद्ध आलं आणि गेलं. १९४९ साली अमेरिकन बँकर जोसेफ डॉज यांच्या सल्ल्याने जपान सरकारने महागाई रोखायला पैशाच्या नाड्या आवळल्या. महागाई उतरली, पण कर्ज मिळेना, गिऱ्हाईक मिळेना. टोयोटा बुडायच्या बेताला आली. तोट्यातले विभाग बाहेर काढायचं ठरलं, आणि त्यात पहिल्या रांगेत होता हा विजेच्या सामानाचा विभाग.

१६ डिसेंबर १९४९. भांडवल दीड कोटी येन. माणसं १,४४५. डोक्यावर जुन्या तोट्याचं ओझं. अशा अवस्थेत कंपनी वेगळी झाली. पहिले अध्यक्ष तोराओ हायाशी. नावात त्यांनी टोयोटा येऊ दिलं नाही, नाव ठेवलं ‘निप्पॉन डेन्सो’. निप्पॉन म्हणजे जपान. एकाच गिऱ्हाइकाच्या आधारावर जगायचं नाही, माल साऱ्या देशाला विकायचा. घरातून बाहेर काढलेल्या धाकट्याने वेगळी चूल मांडताना दारावर आडनाव लावू नये, तसं.

पुढच्याच वर्षी शेकडो कामगारांना घरी जावं लागलं.

[दृश्य : छोटी, डब्यासारखी विजेवरची मोटार. कॅमेरा सावकाश तिच्याभोवती फिरतो.]

आणि ही बघा. १९५० सालची डेन्सो-गो. पेट्रोल मिळत नव्हतं म्हणून बॅटरीवर चालणारी मोटार. एका चार्जिंगमध्ये १९५ किलोमीटर, वेग फार तर ताशी ४३. सुमारे ५० गाड्या बनल्या. पेट्रोल परत मिळू लागलं आणि हा प्रकार बंद पडला. त्या दिवसांत या कंपनीने कपडे धुण्याची यंत्रंसुद्धा बनवून विकली. पगार निघाला पाहिजे, मग मोटार काय आणि वॉशिंग मशिन काय.

वळण मिळालं ते १९५३ मध्ये. बॉशबरोबर तंत्रज्ञानाचा करार झाला. ड्रॉइंग आली, पद्धती आल्या, जर्मन मोजमापं आली. पण हायाशींच्या कंपनीने पुढच्या वर्षी जे केलं, ते मला त्या कराराहूनही मोठं वाटतं.

[दृश्य : प्रशिक्षण केंद्र. एक मुलगा व्हाइसच्या पकडीत धातूचा तुकडा धरून कानस चालवतोय. हाताचा क्लोजअप.]

१९५४ मध्ये त्यांनी कारागीर घडवणारी स्वतःची शाळा काढली. कंपनी अजून पुरती सावरली नव्हती, तेव्हा. कोवळी मुलं घ्यायची आणि पहिल्यापासून हात बसवायचा. आजही संगणकावर चालणाऱ्या सीएनसी यंत्रांच्या जमान्यात ही मुलं आधी कानस धरतात. या मुलाचे खांदे बघा, हलत नाहीत. जोर कमरेतून येतोय. एकदा घासून झालं की तो बोट फिरवतो, उजेडात धरतो, पुन्हा कानस. आपल्या आयटीआयच्या फिटर ट्रेडला पहिल्या महिन्यात हेच करतात, आणि आपली मुलं याच कामाला सगळ्यात जास्त कंटाळतात. इथून निघालेली मुलं मात्र जागतिक कौशल्य स्पर्धेत सुवर्णपदकं घेऊन येतात. १९६१ मध्ये कंपनीला गुणवत्तेचा डेमिंग पुरस्कार मिळाला, त्याचं मूळही मला या व्हाइसपाशीच दिसतं.

[दृश्य : भिंगाखाली सोन्यासारखी चमकणारी इवलीशी मोटार. शेजारी तांदळाचा दाणा.]

हात किती बसला होता, ते इथे दिसतं. १९३६ च्या टोयोटा एए मोटारीची ही एक हजारांश आकाराची प्रतिकृती. लांबी ४.८ मिलिमीटर. आत मोटर आहे, तिचा व्यास एक मिलिमीटर. आणि गाडी चालते. नव्वदच्या दशकात निप्पॉन डेन्सोच्या माणसांनी ही बनवली. खरं सांगायचं तर ही जाहिरातबाजीच होती. पण काय जाहिरात!

[दृश्य : असेंब्ली लाइन. प्लास्टिकचे डबे. प्रत्येक डब्यावर पारदर्शक पाकिटातली चिठ्ठी.]

आता या डब्यांकडे या. टोयोटाचे ताइइची ओनो यांनी घालून दिलेली ही कानबान पद्धत. चाकण-भोसरीला वाहन कंपनीत ज्याने एक पाळी जरी केली असेल, त्याच्या हातून ही चिठ्ठी गेलेली असते.

चिठ्ठीवर काय असतं? पार्ट नंबर, डब्यात किती नग, कुठून आला, कुठे जायचा. लाइनवरचा माणूस डब्यातला पहिला नग उचलतो आणि चिठ्ठी काढून पेटीत टाकतो. हे बघा, उचलला, काढली, टाकली. पेटीतल्या चिठ्ठ्या गोळा होतात आणि ज्याने तो भाग बनवला त्याच्याकडे परत जातात. जितक्या चिठ्ठ्या आल्या तितकेच डबे त्याने पाठवायचे, एक जास्त नाही. गोदामात माल पडून राहत नाही, पैसा अडकत नाही.

टोयोटाला माल देणारा डेन्सो, त्यामुळे दिवसाला या चिठ्ठ्यांचा डोंगर जमायचा. हाताने नोंदी करणं अशक्य झालं, तेव्हा सत्तरच्या दशकात कंपनीने चिठ्ठीवर बारकोड छापला आणि तो वाचायची यंत्रंही स्वतःच बनवली. सुटे भाग बनवणारी कंपनी स्कॅनरच्या धंद्यात शिरली ती अशी, स्वतःच्याच गरजेपोटी.

दहा-पंधरा वर्षं चाललं. मग मॉडेलं वाढली, एकेका मॉडेलचे प्रकार वाढले, लॉट लहान झाले. चिठ्ठीवर मजकूर जास्त हवा झाला. बारकोडमध्ये मावतात जेमतेम २० अक्षरं. म्हणून एका डब्यावर एकाखाली एक, कधी कधी दहा-दहा बारकोड चिकटले. आणि ते वाचायचे कुणी? लाइनवरच्या माणसाने. स्कॅनर हातात धरून, एक, दोन, तीन, चार… दिवसाला हजारापर्यंत. त्यात हाताला तेल, चिठ्ठीला तेल. डाग पडला की स्कॅनर वाचत नाही. पुन्हा धरा, पुन्हा पुसा.

[दृश्य : स्कॅनरचा लाल किरण तेलकट बारकोडवर अडखळतो. तीनदा. आवाज तसाच ठेवावा.]

कामगार वैतागले, आणि त्यांनी ते सांगितलं. या सबंध गोष्टीत माझ्या मते मोलाची जागा ही आहे. तक्रार वरपर्यंत गेली आणि कुणी ती कामचुकारांचं रडगाणं म्हणून झटकली नाही. ती गेली बारकोड वाचायची यंत्रं बनवणाऱ्या एका इंजिनिअरकडे. मासाहिरो हारा. मागणी साधी होती : वाचणं जलद करा. हारांनी हिशेब मांडला. यंत्र सुधारून भागणार नव्हतं, कोडच नवा हवा होता. साल १९९२. हाताशी एक सहकारी, फार तर.

[दृश्य : ‘गो’ या बैठ्या खेळाचा पट. काळे-पांढरे गोटे ठेवणारी बोटं. वरून शॉट.]

हारांना गो खेळायची आवड. १९ उभ्या, १९ आडव्या रेघा, काळे आणि पांढरे गोटे. हा पट नुसता बघत राहिलं तरी ध्यानात येतं. बारकोड माहिती ठेवतो फक्त आडवी, इथे ती आडवीही आहे आणि उभीही. अमेरिकेत असे चौकोनी कोड तोवर निघाले होते. पण त्यांचा भर माहिती जास्त कोंबण्यावर. हारांच्या कामगारांना हवा होता वेग.

वेगाची अडचण एकच : कागदावर हा चौकोन नेमका कुठे आहे, हे यंत्राला चटकन कळलं पाहिजे. म्हणून तीन कोपऱ्यांत तीन खुणा. चौकटीत चौकट, आत भरीव चौकोन. पण तशीच आकृती शेजारच्या छापील मजकुरात सापडली, तर यंत्र फसणार. मग त्यांनी छापील कागद धुंडाळायला घेतले. जाहिरातीची पत्रकं, मासिकं, खोक्यांवरचे छाप. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या रुंदीचं कोणतं प्रमाण सगळ्यात कमी वेळा आढळतं, याचा हा शोध होता.

[दृश्य : ॲनिमेशन. खुणेच्या मध्यातून जाणारी रेघ फिरते. आकडे उमटतात.]

सापडलं. काळा एक, पांढरा एक, काळा तीन, पांढरा एक, काळा एक. खुणेच्या मध्यातून रेघ ओढा. आडवी ओढा, उभी ओढा, तिरकी ओढा, प्रमाण तेच राहतं : एक, एक, तीन, एक, एक. म्हणून डबा कसाही ठेवलेला असो, उलटा असो, स्कॅनर कुठल्याही बाजूने धरा, चालतं. आणि तेलाचं काय? त्याचीही सोय आहे. गणिती पद्धतीने मजकूर असा पसरवलाय की कोडचा ३० टक्क्यांपर्यंत भाग खराब झाला तरी उरलेल्यातून तो परत जुळवता येतो. आपण आज त्या चौकोनाच्या मधोमध दुकानाचं चिन्ह छापतो ना, ते कारियातल्या तेलकट हातांमुळे शक्य झालंय.

१९९४ मध्ये क्यूआर कोड जाहीर झाला. नुसते आकडे असतील तर ७,००० पर्यंत मावतात, जपानी लिपीही मावते. आधीच्या कोडांपेक्षा वाचायचा वेग दहापट. आणि कंपनीने पेटंट हातात ठेवूनही सांगून टाकलं की प्रमाणित पद्धतीने कुणीही वापरा, आम्ही पैसे मागणार नाही.

[दृश्य : वेगवान तुकडे. मोबाइल, तिकीट, औषधाची पट्टी, मुंबईची फुटपाथ, भाजीची गाडी.]

२००० साली आंतरराष्ट्रीय मानक. २००२ पासून जपानच्या मोबाइलमध्ये वाचायची सोय. मग चीनमध्ये पैसे देण्यासाठी. भारतात २०१६ मध्ये यूपीआय आलं, २०१७ मध्ये भारत क्यूआर, आणि आज दादरच्या फूलवाल्यापासून सांगलीच्या चहावाल्यापर्यंत सगळ्यांच्या समोर तो चौकोन उभा आहे. हारा आणि त्यांच्या चमूला २०१४ मध्ये युरोपियन पेटंट ऑफिसचा लोकपसंतीचा पुरस्कार मिळाला.

[दृश्य : पुन्हा कारिया. डेन्सोची इमारत. संध्याकाळ.]

निप्पॉन डेन्सोची १९९६ मध्ये नुसती डेन्सो झाली. २०१२ मध्ये सुट्या भागांचे दर संगनमताने ठरवल्याचा गुन्हा कंपनीने अमेरिकेत कबूल केला आणि ७ कोटी ८० लाख डॉलर दंड भरला. अलीकडच्या वर्षांत हिच्या इंधन पंपांतल्या दोषामुळे अनेक कंपन्यांना लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या.

[दृश्य : स्पार्क प्लग. ठिणगी. स्लो मोशन.]

आणि आता विजेच्या गाड्यांपुढे इंजिनच जायला निघालंय. २०२३ च्या जुलैमध्ये डेन्सोने आपला स्पार्क प्लगचा धंदा निटेरा कंपनीला देण्याची बोलणी सुरू केल्याचं जाहीर केलं. निटेरा म्हणजे आपल्या गॅरेजवाल्यांची एनजीके, आजवरची कट्टर प्रतिस्पर्धी. दुसऱ्या बाजूने आवक सुरू आहे. ज्या टोयोटाने १९४९ मध्ये विजेचा विभाग परवडत नाही म्हणून बाहेर काढला, तिनेच २०२० मध्ये हिरोसेचा आपला इलेक्ट्रॉनिक भागांचा कारखाना डेन्सोच्या हवाली केला.

[श्रेयनामावली]