सोलापूरहून मुंबईत चित्रं बघायला: एक शनिवार, एक परिसर

नमस्कार मंडळी! सगळ्यात आधी एक गोष्ट सांगते. मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत आत जायला तिकीट लागत नाही. ओळख लागत नाही, इंग्रजी लागत नाही, भारी कपडे लागत नाहीत. दार उघडं असतं, आत जायचं आणि बघायचं. हे मी मुद्दाम आधी सांगतेय, कारण आपल्याकडे कितीतरी जण कामासाठी, लग्नासाठी, दवाखान्यासाठी मुंबईला जातात. त्या दाराच्या समोरून जातात. आणि "ते आपल्यासाठी नसतं" असं समजून पुढे निघतात.

ते आपल्यासाठीच असतं. आजच्या व्हिडिओत सोलापूरहून एका दिवसात जाऊन मुंबईतली चित्र-प्रदर्शनं कशी बघायची, आणि त्याच्या आजूबाजूचा परिसर पायी कसा फिरायचा, ते सांगते. एकच परिसर घेऊ, काळा घोडा आणि फोर्ट. गेटवे, जुहू, सिद्धिविनायक, मॉल हे सगळं एका दिवसात कोंबलं की संध्याकाळी फक्त पाय दुखतात, आठवत काहीच नाही.

गाडी कुठली? माझं मत स्पष्ट आहे, सिद्धेश्वर एक्स्प्रेस. वंदे भारत २०२३ पासून आहे, छान आहे, पण ती सकाळी सोलापूर सोडते आणि दुपारी मुंबईत पोचते, म्हणजे अर्धा दिवस डब्यातच जातो. सिद्धेश्वर रात्री निघते आणि सकाळी सीएसएमटीला उतरवते. परतीची पण रात्रीचीच. लॉजचा खर्च नाही. बॅग क्लोकरूममध्ये ठेवा, वेटिंग रूममध्ये तोंड धुवा, चहा घ्या.

आता लोक म्हणतात, गॅलऱ्या अकरा वाजता उघडतात, तोवर काय करायचं? अहो, तोच तर दिवसातला सगळ्यात छान वेळ!

स्टेशनातून बाहेर या, रस्ता ओलांडा आणि मागे वळून स्टेशनकडेच बघा. फ्रेडरिक स्टीव्हन्सने आखलेली ही इमारत १८८८ मध्ये पूर्ण झाली, २००४ पासून ती जागतिक वारसा यादीत आहे. पण मला तुम्हाला दाखवायचंय ते कोरीवकाम. मोर, माकडं, वेलबुट्टी, आणि फाटकाच्या दोन खांबांवर एकीकडे सिंह, एकीकडे वाघ. यातलं बरंचसं नक्षीकाम शेजारच्याच जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी केलंय. ती शाळा १८५७ ची. म्हणजे गॅलरी उघडायच्या आधीच तुमचं पहिलं प्रदर्शन सुरू झालं, आणि तेही रस्त्यावर. एखादा खांब निवडा आणि त्याच्याकडे नीट पाच मिनिटं बघा. पहिल्या मिनिटात नुसती वेलबुट्टी दिसते, तिसऱ्या मिनिटात त्यात लपलेला पक्षी दिसायला लागतो.

याचा सराव आधी सोलापुरातच करता येतो बरं का. आपल्या महापालिकेची इंद्रभुवनची इमारत घ्या. घरपट्टी भरायला, दाखला काढायला गेलेल्यांनी तिची नक्षी कधी मान वर करून बघितलीय? जायच्या आधीच्या रविवारी मुलांना घेऊन तिथे जा, नुसते बाहेर उभे राहून बघा. मग मुंबईत नजर आपोआप वर जाते.

सीएसएमटीपासून दादाभाई नौरोजी रोडने सरळ चालत निघा. दोन्ही बाजूंना कमानींच्या खालून फुटपाथ जातो, सकाळी दुकानं बंद असतात, त्यामुळे इमारती मोकळ्या दिसतात. दहा-पंधरा मिनिटांत येतो हुतात्मा चौक. होय, तिथेही हुतात्मा चौक आहे. १८६४ चं फ्लोरा फाउंटन तिथेच, आणि त्याच्या बाजूला संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गोळ्या झेललेल्यांचं स्मारक, हातात मशाल घेतलेले शेतकरी आणि कामगार. आपण ज्या गावचे, तिथे मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांच्या नावाने चौक आहे. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात त्यांना फाशी दिलं. हे आपल्याला शाळेपासून पाठ आहे. तसंच त्या मुंबईच्या चौकातलं शिल्प दोन मिनिटं थांबून बघा. शिल्प बघायचं म्हणजे त्याच्याभोवती फिरायचं, समोरून एक फोटो काढून निघायचं नाही.

तिथून महात्मा गांधी रोडने पुढे गेलं की काळा घोडा. वाटेत वॉटसन्स हॉटेलची जुनी इमारत लागते, आता तिला एस्प्लनेड मॅन्शन म्हणतात. ७ जुलै १८९६ ला ल्युमिएर बंधूंच्या हलत्या चित्रांचा भारतातला पहिला खेळ इथे झाला. पुढे डेव्हिड ससून लायब्ररी. आणि मग तो घोडा. मूळचा काळा घोडा म्हणजे सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा, तो १९६५ मध्ये इथून हलवला. आज दिसतो तो २०१७ मध्ये बसवलेला, पाठीवर स्वार नसलेला घोडा. मला हा दुसरा जास्त आवडतो. जवळच्या गल्लीत निळ्या रंगाचं ज्यूंचं प्रार्थनामंदिर आहे, १८८४ चं. बाहेरून बघितलं तरी डोळे निवतात.

भूक लागली असेल तर खाऊन घ्या. घरून कडक भाकरी आणि शेंगाचटणी आणली असेल तर हॉर्निमन सर्कलच्या बागेत सावलीत बसा, समोर एशियाटिक सोसायटीच्या पायऱ्या. नाहीतर फोर्टात इराण्याकडे बन-मस्का आहेच.

अकरा वाजले. चला जहांगीरमध्ये.

ही गॅलरी १९५२ ची. इथे प्रदर्शन लावायला चित्रकारांना वर्षानुवर्षं थांबावं लागतं, एवढी मोठी रांग असते. प्रदर्शनं बहुतेक आठवडाभराची, मंगळवारी सुरू होतात आणि सोमवारी उतरतात. आणि आत एक माणूस खुर्चीवर बसलेला असतो, बऱ्याचदा जरा अवघडून. तो गार्ड नसतो. तोच चित्रकार असतो, किंवा ती चित्रकार असते! तुम्ही ज्याचं काम बघताय तो माणूस दोन पावलांवर बसलाय, असं दुसरीकडे कुठे होतं सांगा? पण आपण काय करतो, नजर चुकवून भिंतीच्या कडेने निघून जातो. तसं करू नका. आधी बघून घ्या, मग जाऊन विचारा. "याचा अर्थ काय?" हा प्रश्न नका विचारू, त्याने तोही अडखळतो आणि तुम्हीही. त्यापेक्षा विचारा, यातलं पहिलं कुठलं चित्र केलंत? हा रंग कशावर लावलाय? हे कधी संपलं असं कसं ठरवलंत? अशा प्रश्नांवर चित्रकार खुलतात. मराठीतच विचारा. महाराष्ट्राच्या गावागावातून आलेली कलाकार मंडळी असतात तिथे.

आता बघायचं कसं. दालनात शिरल्यावर सगळीकडे एक चक्कर मारा, भरभर, कुठेही न थांबता. ज्याने पाय अडकला ते चित्र लक्षात ठेवा. फक्त दोन किंवा तीन. मग परत फिरून त्यांच्यासमोर उभे राहा. खालची चिठ्ठी लगेच वाचू नका. आधी लांबून बघा, मग इतकं जवळ जा की रंगाचा थर दिसेल, ब्रशचे केस कुठे ओढले गेलेत ते दिसेल. हात मात्र लावायचा नाही. पुन्हा मागे या. चिठ्ठी आता वाचा. तिच्यावर लाल टिकली असेल तर ते चित्र विकलं गेलंय. फोटो काढायचा असेल तर विचारून, फ्लॅश बंद करून.

आणि समोर आलं अमूर्त चित्र, म्हणजे ना माणूस ना झाड, नुसते रंग आणि आकार, तर लोक घाबरतात. सोलापूरकरांनी तर मुळीच घाबरायचं कारण नाही! चादरीवरच्या डिझाइनचा अर्थ आपण कधी विचारतो का? पट्टा किती रुंद घेतलाय, लालाशेजारी पिवळा बसलाय की बोचतोय, किनार कुठे संपवली, हे आपल्याला बघताक्षणी कळतं. सोलापूरच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, ज्यांच्या घरात माग आहे ते तर धागा बघून काम ओळखतात. हातमागावर माणसाचा चेहरा विणलेलं वॉल हँगिंग ज्या गावात तयार होतं, त्या गावाच्या लोकांची नजर आधीच तयार आहे. नागपुरात जन्मलेले अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे, त्यांचं चित्र कुठे लागलेलं दिसलं तर याच नजरेने बघा. रंगाखाली रंग, त्याच्याखाली अजून रंग, जितका वेळ थांबाल तितकं आत जाता येतं.

आणि हुसेन! मकबूल फिदा हुसेन यांचा जन्म १९१५ चा, पंढरपूरचा. आपल्या जिल्ह्याचा माणूस. मुंबईत सिनेमाची होर्डिंगं रंगवून पोट भरलं, आणि १९४७ मध्ये सूझा, रझा, आरा, गाडे, बाकरे यांच्याबरोबर प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप या नव्या विचारांच्या कलाकारांच्या गटात आले. भारतातल्या आधुनिक चित्रकलेचं पान त्या मंडळींनी उलटलं. १९४९ चं त्यांचं मुंबईतलं प्रदर्शन रॅम्पार्ट रोवर भरलं होतं, म्हणजे तुम्ही उभे आहात त्याच काळ्या घोड्याच्या रस्त्यावर. मला याचा फार अभिमान वाटतो, आणि आपल्या पोरांना हे माहीत नसतं याचं वाईटही वाटतं.

जहांगीरमधून बाहेर आल्यावर फुटपाथवरही चित्रं मांडलेली असतात, कुणी समोर बसवून तुमचं चित्र काढून देतं. तिथेही रेंगाळा. समोर चौकात राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, एनजीएमए. इमारत १९११ चं सर कावसजी जहांगीर सभागृह, १९९६ पासून तिथे चित्रं. आतून चढत चढत वर जायचं आणि वर घुमट. तिकीट अगदी थोडं, सोमवारी बंद. दोन प्रदर्शनांच्या मध्ये दालनं बंद असू शकतात, म्हणून निघायच्या आधी बघून घ्या काय चालू आहे ते. शेजारी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, पण ते एकट्यानेच अर्धा दिवस खातं. जायचंच असेल तर एक दालन ठरवून जा, माझी शिफारस लघुचित्रांची. तळहाताएवढ्या कागदावर पूर्ण दरबार, आणि प्रत्येकाचा अंगरखा वेगळा.

शनिवारच का, तेही सांगते. फोर्ट आणि कुलाब्यातल्या खासगी गॅलऱ्या बऱ्याचशा रविवारी बंद असतात. त्याही फुकट असतात. जुन्या इमारतीचा जिना चढून जायचं, बेल वाजवायची, आत पांढऱ्या भिंती आणि शांतता. फोर्टातली केमोल्ड ही त्यातली जुनी, १९६३ मध्ये जहांगीरच्याच वरच्या मजल्यावर सुरू झालेली. आत कुणी तुम्हाला "घेणार का?" असं विचारत नाही.

फेब्रुवारीत काळा घोडा महोत्सव असतो, १९९९ पासून. मजा येते, पण गर्दी तुफान. रस्त्यावरची धमाल हवी असेल तर तेव्हा जा. चित्रं निवांत बघायची असतील तर दुसरा कुठलाही शनिवार चांगला. पावसाळ्यात तर गॅलऱ्यांमध्ये बसायला जागाच जागा.

लहान मुलं बरोबर असतील तर त्यांना एकच काम द्या: घरी न्यायचं असतं तर यातलं कुठलं चित्र नेलं असतं, ते निवडायचं, आणि का ते सांगायचं. आजी-आजोबा असतील तर त्यांनाही हेच विचारा. परतीच्या गाडीत दौंड येईपर्यंत भांडण चालतं, माझंच चित्र भारी म्हणून.

आणि ज्यांना मूळचा काळा घोडा बघायचाच आहे त्यांनी पुढच्या खेपेला भायखळ्याला जा. तो एडवर्ड आता राणीच्या बागेत आहे, शेजारी डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, आणि त्याच्या अंगणात घारापुरीवरून आणलेला दगडी हत्ती. बुधवारी ते संग्रहालय बंद असतं, तेवढं लक्षात ठेवा. भायखळ्याचा वेगळा व्हिडिओ करतेय, तुम्हाला त्यात काय काय हवं ते खाली लिहा.

सिद्धेश्वरचं आरक्षण लवकर भरतं, त्यामुळे तारीख आज ठरवा. आणि जहांगीरमध्ये चित्रकार भेटला, तर सोलापूरहून खास चित्रं बघायला आलोय, हे त्याला आवर्जून सांगा.