भगुल्यातल्या मेथ्या

सकाळचे साडेपाच, औसा तालुक्यातलं गाव, आत्याचं सैपाकघर. भगुल्यावरचं झाकण निघालं की आधी वास येतो, तो काय कॅमेऱ्यात येत नाही, पण मेथ्या बघा, रात्री टाकल्या तेव्हा खड्यासारख्या कडक होत्या न आता फुगून टम्म झाल्यात. आत्या दोन बोटांत एक दाणा चिरडते आणि बोटं हळूच लांब करते... तार दिसली का? थांबा, परत जवळून दाखवतो.

शुगर न कोलेस्टेरॉल उतरावं म्हणून लोक मेथ्या खातात, त्यात सगळं काम ह्या चिकटपणाचं आहे. मेथीदाण्याचा जवळपास निम्मा भाग फायबर, त्यातलाच गॅलॅक्टोमॅनन नावाचा डिंक पाणी पिऊन असा बुळबुळीत होतो. पोटात गेल्यावर पण तेच, भाकरीतली साखर त्या चिकट्यात अडकत अडकत रक्तात उतरते, जेवल्या जेवल्या एकदम चढत नाही. आणि कोलेस्टेरॉलचं असं की पित्तातली आम्लं त्याच्यात सापडून शौचावाटे बाहेर पडतात, मग नवीन पित्त बनवायला लिव्हर रक्तातलंच कोलेस्टेरॉल ओढून घेतं.

म्हणून आत्या पाणी गाळून पिते पण फडक्यातले दाणे फेकत नाही, चावून खाते. तोंड बघा तिचं! बरेच लोक पाणी पितात न दाणे टाकून देतात, वर बाजारातून बाटलीबंद अर्क आणतात, अरे फायबर तर बहुतेक फडक्यातच राहिलं ना.

आता जातं. वाळलेल्या मेथ्या ज्वारीत घालून दळायच्या, हा घरघर आवाज मुद्दाम पूर्ण ठेवलाय. असंच काहीतरी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं तपासलं होतं, आणि हैदराबाद आपल्याला परकं नाही, 1956 पर्यंत मराठवाडा त्याच राज्यात होता. 1990 साली छापून आलेल्या अभ्यासात टाइप वन शुगरच्या, म्हणजे ज्यांच्या अंगात इन्सुलिन बनतच नाही अशा पेशंटला तेल काढलेली मेथीपूड रोज 100 ग्रॅम, दोन वेळच्या जेवणात विभागून, पोळीत घालून दिली, दहा दिवस. उपाशीपोटीची शुगर उतरली, एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातली चरबी पण उतरली, एचडीएल म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल जागेवर राहिलं. पुढं 1996 मध्ये 60 जणांना रोज 25 ग्रॅम, 24 आठवडे. 25 ग्रॅम म्हणजे आपले सहा-सात चहाचे चमचे, चिमूटभर मेथ्या टाकून फरक पडला नाही म्हणणाऱ्यांनी आधी एवढं मोजून बघावं.

गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरला सांगूनच, शुगर जास्त खाली जाऊ शकते, आणि गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही. आत्याची पण चालूच आहे.

तव्यावर भाकर फुगली. काठ करपलाय थोडा, आत्या म्हणती, "कडू लागंल, संगं जवसाची चटणी घे."

रात्रीचे साडेनऊ. भगुलं, मूठभर मेथ्या, तांब्यातलं पाणी. झाकण.